गोष्ट सगळ्यांची, मग नोटीस कशाची? कॉपीराइट, पब्लिक डोमेन अन् लोककथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती, मारबत (पोळ्यानंतरची पुतळ्यांची मिरवणूक), शाळेचं गॅदरिंग अन् थंडीतली नाटकं, नागपुरात यातलं काही जवळ आलं की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवलं. हा काही वकिलाचा सल्ला नाही, कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच तर वकीलच गाठा. पण तिथपर्यंत गोष्ट जाऊच नये, यासाठी हे वाचून घ्या.

कॉपीराइट नेमका कशावर राहते?

मांडणीवर. कल्पनेवर नाही. खेड्यातला पोरगा शहरात येते, शिकते अन् साहेब होते, ही कल्पना कोणाच्याच बापाची नाही. पण त्यावर तुम्ही लिहिलेले संवाद, रचलेले प्रसंग, त्यांचा क्रम हे तुमचं, अन् ते कागदावर उतरलं की त्याच क्षणी तुमचं होते, शिक्का लागो न लागो. आपल्याकडे यासाठी १९५७ चा कायदा आहे. १९७८ साली सुप्रीम कोर्टात आर. जी. आनंद या नाटककाराचा खटला गाजला, माझ्या नाटकावरून सिनेमा उचलला असं त्यांचं म्हणणं होतं. कोर्ट म्हणालं की कल्पना, विषय, कथानक, इतिहासातल्या नाहीतर पुराणातल्या गोष्टी यांच्यावर कॉपीराइट राहत नाही, मांडणी उचलली का तेवढं पाहायचं. अन् त्या नजरेनं पाहिल्यावर आनंद हरले.

अजून एक गोष्ट इथंच लक्षात घ्या, कारण पुढचे अर्धे प्रश्न तिथंच सुटतात. एका गाण्यात एकच हक्क नसते. शब्द लिहिणाऱ्याचा वेगळा, चाल लावणाऱ्याचा वेगळा, रेकॉर्डिंग करणाऱ्या कंपनीचा वेगळा, गाणाऱ्याचा वेगळा. अन् प्रत्येकाची मुदत वेगवेगळ्या दिवशी संपते. "हे गाणं फ्री आहे का" असं कोणी विचारलं की उलट विचारायचं, यातलं काय पाहिजे तुम्हाले?

किती वर्षांनी मोकळं होते?

मोकळं म्हणजे पब्लिक डोमेनमधलं, कोणालाही न विचारता वापरता येणारं. लेखक, कवी, संगीतकार, चित्रकार असेल तर माणूस गेल्यावर ६० वर्षं, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. सिनेमा अन् रेकॉर्डिंग असेल तर ते बाहेर आल्यापासून ६० वर्षं. आधी ५० होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ ला गेले, म्हणजे १९९१ संपताना सगळं मोकळं होणार होतं, तेव्हा कायदा बदलून १९९२ मधे दहा वर्षं वाढवली.

आपल्या भागातली उदाहरणं घेऊ. राम गणेश गडकरी १९१९ मधे आपल्या सावनेरला गेले, त्यांची नाटकं कधीचीच मोकळी आहेत, करा, बदला, वऱ्हाडीत आणा, कोणाले विचारायची गरज नाही. तुकडोजी महाराज १९६८ ला गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०२८ अखेरपर्यंत कॉपीराइटमधे, १ जानेवारी २०२९ ला मोकळं. अण्णा भाऊ साठे १९६९, म्हणजे २०२९ अखेर. अन् सुरेश भट २००३ ला गेले, म्हणजे २०६३ संपेपर्यंत थांबा. हे वाचून अर्ध्या फ्लेक्सवाल्यांचे चेहरे पडतील, पण परीक्षण लिहिताना दोन ओळी देणं वेगळं अन् त्याच दोन ओळी टीशर्टवर छापून धरमपेठेत विकणं वेगळं.

बाबासाहेबांची पुस्तकं आता कोणीही छापू शकते ना?

दीक्षाभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावणारे हे दरवर्षी विचारतात, अन् उत्तर नुसतं "हो" नाही.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं २०१६ संपताना मोकळं झालं. पण लेखक गेल्यावर जे पहिल्यांदा छापून येते त्याची ६० वर्षं मृत्यूपासून मोजत नाहीत, छापल्यापासून मोजतात. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ मधे आलं, म्हणून ते एक वर्ष उशिरा, २०१७ अखेर मोकळं झालं. एका वर्षानं काय फरक पडते म्हणाल, तर 'रिडल्स इन हिंदुइझम' पाहा. ते हस्तलिखित महाराष्ट्र शासनानं १९८७ मधे पहिल्यांदा छापलं, म्हणजे त्याच नियमानं त्याचा हिशोब २०४७ पर्यंत जाते. माणूस एकच, पण पुस्तकागणिक तारीख वेगळी.

अन् मराठी भाषांतर हा तिसराच मामला. मूळ इंग्रजी मोकळं झालं म्हणून भाषांतर मोकळं होत नाही, भाषांतर करणारा गेल्यावरची ६० वर्षं वेगळी मोजायची. ऑडिओबुक करायचं असेल तर एक तर मूळ इंग्रजी वाचा, नाहीतर स्वतः नवीन भाषांतर करा, नाहीतर परवानगी घ्या.

पेंचकडे होमस्टे काढतो आहे, भिंतीवर मोगली, बघीरा काढले तर चालते का भाऊ?

चालते, पण कोणता मोगली ते पाहा.

किपलिंगनं १८९४ च्या पुस्तकात या गोष्टी सिवनीच्या डोंगरात घडवल्या, म्हणजे आपल्या जबलपूर रोडवरच. तो १९३६ मधे गेला, तेव्हा आपल्याकडे ५० वर्षांचा नियम होता, म्हणजे १९८६ संपताना पुस्तक मोकळं. १९९२ ची वाढ त्याला लागू होत नाही, कारण जे एकदा संपलं ते परत जिवंत केलं नाही. म्हणून मोगली, बघीरा, बाळू, शेरखान, अकेला नावाचा लांडगा ही मंडळी सगळ्यांची.

पण बहुतेक पेंटर लोक पुस्तक वाचून काढत नाहीत, गूगलवर डिस्नेचं चित्र शोधतात अन् तेच भिंतीवर उतरवतात. डिस्नेचा सिनेमा १९६७ चा. त्यातला किंग लुई नावाचा ओरँगउटान तर किपलिंगच्या पुस्तकात नाहीच, तो डिस्नेनं जन्माला घातला (ओरँगउटान भारतात सापडतच नाही, सिवनीत कुठून येईल). 'का' अजगराचंही तसंच. पुस्तकात तो मोगलीच्या बाजूचा आहे, बंदरलोगांच्या तावडीतून सोडवायला तोच धावते, सिनेमात त्याला खलनायक केलं. म्हणजे तुमच्या भिंतीवर डोळे गरगर फिरवणारा अजगर असेल तर तो किपलिंगचा नाही, डिस्नेकडून आणलेला आहे. अन् रिसेप्शनवर दूरदर्शनच्या मालिकेचं ते फुलाचं गाणं वाजवायचं असेल तर ते गुलझारांचं अन् विशाल भारद्वाजांचं आहे, दोघंही हयात आहेत, त्याला लायसन्स लागते.

आमचं मत विचाराल तर गावातल्याच एखाद्या चित्रकाराला मूळ गोष्ट वाचून दाखवा अन् त्याला जसा दिसला तसा मोगली काढू द्या. सिवनीच्या रानातलं पोरगं कॅलिफोर्नियातून आणायची काय गरज.

बातम्यांत होतं की मिकी माउस फ्री झाला. मग शाळेच्या भिंतीवर?

ती अमेरिकेची बातमी होती. तिथं जुन्या कामांना छापल्यापासून ९५ वर्षं मिळतात, म्हणून १९२८ च्या 'स्टीमबोट विली'तला मिकी १ जानेवारी २०२४ ला तिथं मोकळा झाला, तोही फक्त तो सुरुवातीचा काळा-पांढरा. हातमोजे घातलेला रंगीत मिकी त्यात येत नाही. शिवाय ट्रेडमार्क हा वेगळा कायदा आहे अन् तो नूतनीकरण करत राहिलं तर संपतच नाही. प्रत्येक देशाचा हिशोब वेगळा.

सुखकर्ता दुखहर्ता आम्हीच म्हटली, आम्हीच रेकॉर्ड केली, तरी यूट्यूबवर क्लेम कसा आला?

कारण मशीन कानानं ओळखते, तारीख पाहत नाही. समर्थ रामदासांच्या नावावरची आरती सतराव्या शतकातली, शब्द मोकळे, चालही परंपरेनं आलेली. पण कोणत्या तरी कंपनीनं आपलं रेकॉर्डिंग तिथं नोंदवून ठेवलं राहते, अन् तुमचं गाणं त्याच्याशी जुळल्यासारखं वाटलं की क्लेम लागते. क्लेम अन् स्ट्राइक एक नाही, हे आधी समजून घ्या. क्लेममधे व्हिडिओ बहुतेकदा राहते, जाहिरातीचे पैसे त्यांना जातात. स्ट्राइकमधे व्हिडिओ उडते, अन् ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल जाऊ शकते.

खरंच तुम्हीच गायलं वाजवलं असेल तर डिस्प्यूट (म्हणजे क्लेमवर हरकत) टाका, कारण लिहा की रचना पब्लिक डोमेनमधली अन् सादरीकरण आमचं स्वतःचं. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस राहतात, त्यात तो बोलला नाही तर क्लेम सुटते. पण मागे कंपनीचा रेडिमेड ट्रॅक लावून वरून नुसतं म्हटलं असेल तर डिस्प्यूट टाकू नका राजेहो. आरती सगळ्यांची, ट्रॅक नाही.

मंडळात गाणी वाजवली, नाटक केलं, तर लायसन्स लागते का? अन् वरातीत?

कायद्याच्या कलम ५२ मधे सूट दिलेल्यांची लांबलचक यादी आहे, ती वाचण्यासारखी आहे, कोणी वाचत नाही हा भाग वेगळा.

खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवायला परवानगी लागत नाही, अन् त्यातच लग्नाची वरात अन् लग्नाशी जोडलेले सामाजिक कार्यक्रमही मोजले आहेत. तरी लोकांकडे पैसे मागणं चालूच होतं, म्हणून केंद्र सरकारनं जुलै २०२३ मधे नोटीस काढून हेच परत सांगितलं. हॉटेलातली थर्टी फर्स्टची पार्टी यात बसत नाही, तिथं लायसन्स घ्यावंच लागते.

हौशी मंडळानं तिकीट न लावता नाटक केलं नाहीतर गाणी म्हटली, तर चालते. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलं तरी चालते. शाळेत पोरांनी अन् शिक्षकांनी केलं अन् पाहायला पालक, शिक्षक अन् पोरंच असली तर तेही चालते. मेख पुढे आहे. ही सूट स्टेजवर करण्यापुरती आहे. गॅदरिंगचा व्हिडिओ शाळेच्या चॅनेलवर टाकला की ती वेगळी गोष्ट झाली, कारण आता पाहणारे फक्त पालक राहिले नाहीत. इथंच सगळे अडकतात, अन् दोष मोबाइलला देतात.

झाडीपट्टीतली नाटकं यात येत नाहीत हे सांगायलाच नको. वडसा, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे दिवाळीनंतर रात्र-रात्र चालणारी ती तिकिटाची धंदेवाईक रंगभूमी आहे. त्यातलं एखादं नाटक आवडलं म्हणून मोबाइलवर शूट करून तुम्ही गावी बसवलं तर लेखकाच्या पोटावर पाय येते. फोन करा, मानधन ठरवा, बहुतेक लेखक एवढ्यानंच खुश होतात.

रामायण सगळ्यांचंच आहे ना, मग गीतरामायणाले परवानगी काहून?

राम सगळ्यांचा, पण ते शब्द ग. दि. माडगूळकरांचे अन् चाली सुधीर फडक्यांच्या. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेर मोकळे होतील. बाबूजी २००२ ला गेले, म्हणजे चाली २०६२ अखेर. २०३८ मधे कोणाला तेच शब्द घेऊन आपली नवीन चाल लावायची असेल तर लावता येईल, जुनी चाल मात्र आणखी २५ वर्षं नाही. तोवर तुमच्या आजीला येत असलेलं रामाचं गाणं शोधा, विदर्भात गावागणिक वेगळं सापडते.

जुनी पोथी स्कॅन करून टाकायची आहे. लीळाचरित्र तर तेराव्या शतकातलं.

मूळ मजकूर मोकळा, त्यात वाद नाही. पण तुम्ही हातात घेतलेलं पुस्तक कोणतं? नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मधे आलं, अन् कोलते गेले १९९८ मधे. त्याची प्रस्तावना, टीपा ही आठशे वर्षं जुनी नाही, ती कोलत्यांची.

मग नुसत्या छपाईच्या चुका दुरुस्त केल्या तरी कॉपीराइट मिळते का? ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं यावर सांगून ठेवलं आहे की नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी स्वतःची बुद्धी अन् निवड दिसली पाहिजे. म्हणून जुन्या पोथीचा साधा स्कॅन टाका, तुम्ही स्वतः टाइप केलेला मजकूर मराठी विकिस्रोतावर टाका, पण संपादकाची प्रस्तावना सोडून.

आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. त्या तर कोणाच्याच नाहीत?

ओव्या कोणाच्या एकट्याच्या नाहीत, पण आवाज आजीचा आहे. आपल्या कायद्यात 'परफॉर्मर' म्हणून नट, गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत कसरतवाला, जादूगार अन् गारुडीसुद्धा नाव घेऊन लिहिले आहेत, म्हणजे तीनशे वर्षं जुनं गाणं म्हणणारी बाईही त्यात येते. तिच्या सादरीकरणावर तिचा हक्क ५० वर्षं राहते. रेकॉर्ड करायच्या आधी विचारा, कुठं टाकणार ते सांगा, नाव द्यायचं की नाही ते तिलाच ठरवू द्या. अंगठा घेतलेला कागद नसला तर निदान त्याच रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तिच्या तोंडून "हाव, टाक बाप्पा" एवढं तरी घ्या.

गोंडांच्या लिंगोची गोष्ट जुन्या इंग्रजी पुस्तकात छापलेली आहे. घेऊन कॉमिक काढू का?

कायद्यानं काढता येते. तरी याचं उत्तर लांबच द्यावं लागते.

सिव्हिल लाइन्समधलं कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप पाद्री होते, १८६३ मधे वारले. त्यांनी जमवलेले कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मधे छापले, त्यात गोंडांच्या लिंगोचं गाणं आहे. गाणं ज्याच्याकडून ऐकून उतरवलं तो परधान, म्हणजे पिढ्यानपिढ्या गोंडांची गाणी जपणारा माणूस. पुस्तकावर नाव हिस्लॉपांचं, संपादक म्हणून टेंपलांचं. कॉपीराइटचा कायदा असाच चालते, जो लिहून घेते तो लेखक, ज्यानं तोंडपाठ सांभाळलं त्याला तिथं रकानाच नाही. लोककथांसाठी समाजाला हक्क देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

आता ते पुस्तक मोकळं आहे, कॉमिक काढलं तर कोणी नोटीस धाडणार नाही. पण लिंगो ही काही कोणे एके काळची राक्षसाची कहाणी नाही. गोंदियाजवळ कचारगडला माघ पौर्णिमेला आजही लोक लाखांनी जातात, त्यांच्यासाठी तो धर्म आहे. ज्या नागपूरचा पाया गोंड राजा बख्त बुलंद शहानं १७०२ मधे घातला असं आपण अभिमानानं सांगतो, तिथं बसून गोंडांना न विचारता लिंगोला सुपरहिरो करणं कायदेशीर आहे अन् तरी चुकीचं आहे असं आमचं स्पष्ट मत. आधी समाजातल्या जाणत्या माणसांकडे जा. इंग्रजीत उतरताना काय सुटलं, काय पाद्र्याच्या नजरेनं बदललं, हेही तेच सांगतील, अन् तुमचं कॉमिक त्यानं चांगलंच होईल. पैसे आले तर वाटा द्या. कव्हरवर नाव द्या.

मारबतीचं पेटंट नाहीतर जीआय (भौगोलिक मानांकन) घेता येईल का, म्हणजे बाहेरचे कॉपी करणार नाहीत?

नाही, अन् नसलेलंच बरं. पेटंट नव्या शोधाला मिळते. जीआय मालाला मिळते, जसा नागपुरी संत्र्याला २०१४ मधे मिळाला. काळी मारबत १८८१ पासून अन् पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात, "घेऊन जा गे मारबत" ही आरोळी कोणाच्या एकट्याची नाही. मात्र यावर्षीचा बडग्या ज्या कारागिरानं घडवला, त्या पुतळ्याची घडण त्याची.

फोटोचं विचारतात म्हणून सांगतो. फोटोचा हक्क फोटो काढणाऱ्याचा, २०१२ च्या दुरुस्तीनंतर तोही मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून पेपरातला फोटो उचलून मंडळाच्या पोस्टवर लावू नका. सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या पुतळ्याचा फोटो काढून छापायला सूट आहे, पण बडग्या कायमचा थोडीच राहते, संध्याकाळी त्याची होळीच होते. मिरवणुकीच्या गर्दीचा फोटो काढला म्हणून कोणी भांडणार नाही, त्याच पुतळ्याचं कॅलेंडर छापून विकणार असाल तर मूर्तिकाराला विचारा.

खाली 'साभार' लिहिलं की झालं ना?

नाही. साभार म्हणजे परवानगी नाही. उलटंही खरं आहे, काम मोकळं झालं तरी लेखकाचं नाव खोडून आपलं टाकायचं नाही. ज्यांच्या नावाखाली भलतंच छापून फिरते त्यांच्यासाठी कलम ५७ आहे, कॉपीराइट विकला तरी नावाचा अन् विद्रूप न करू देण्याचा हक्क लेखकाकडेच राहते.

व्हॉट्सॲपवर आलेली कविता, खाली 'कवी अज्ञात'. वापरू का?

अज्ञात म्हणजे बहुतेकदा कोणीतरी नाव कापलेलं. खरंच निनावी असली तरी छापल्यापासून ६० वर्षं कॉपीराइट राहते. पहिली ओळ शोधून पाहा, कवी पाच मिनिटांत सापडते.

मले माझ्या गोष्टी लोकांना मोकळ्या द्यायच्या आहेत. कसं करू?

दोन रस्ते. क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स लावा, म्हणजे वापरा पण नाव द्या, अन् हवं तर तुम्हीही पुढे तसंच मोकळं ठेवा, ही अट घालता येते. लोककथेवरून केलेल्या कामाला ही शेवटची अट आम्हाले आवडते, कारण सगळ्यांच्या विहिरीतून भरलेलं पाणी मग कोणाला बाटलीत बंद करून विकता येत नाही. दुसरा रस्ता म्हणजे कलम २१ खाली हक्कच सोडून देणं, रजिस्ट्रारला कळवून. तो मार्ग मागे फिरायचा नाही, विचार करून घ्या.

रजिस्ट्रेशन लागते का? स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं पाठवलं तर?

लागत नाही, पण भांडण झालं तर पुरावा म्हणून कामी येते. कॉपीराइट ऑफिसच्या साइटवर ऑनलाइन होते, पुस्तक, नाटक, चित्र यांची फी ५०० रुपये, अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागते. स्वतःलाच पाठवलेल्या पाकिटाला कायद्यात काही जागा नाही, त्यापेक्षा तारखेसकट ईमेलचे ड्राफ्ट सांभाळून ठेवा.

नोटीस आलीच तर?

घाबरून पैसे पाठवू नका अन् फेकूनही देऊ नका. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या चोरीला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद अन् पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, त्यामुळे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पाठवणाऱ्याला लेखी विचारा की हक्क कशावर सांगता, शब्दांवर, चालीवर, रेकॉर्डिंगवर की चित्रावर, अन् तो तुमच्याकडे कुठून आला. खरा मालक कागद दाखवते. ओवी, अभंग, आरती यांच्या शब्दांवरच कोणी हक्क सांगत असेल तर कलम ६० दाखवा, बिनबुडाच्या धमकीविरुद्ध तुम्हालाच कोर्टात जाता येते. अन् तुमचा व्हिडिओ खरंच त्यांच्या ट्रॅकवर असेल तर तो काढा, पेटी घ्या, तबलेवाल्याला बोलवा अन् स्वतः म्हणून परत टाका.